भिंतीवर पावसाचा देव, ताटात नुसतं चीज (घोडबंदर रोडचं एक मेक्सिकन हॉटेल, साडेतीन स्टार)

साडेतीन स्टार. त्यातले दोन एकट्या चिक्कीचे आहेत हे आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई असेल त्यांनी चिक्की घ्या आणि घरी जा.

हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. मागे एका ठिकाणच्या मिसळीबद्दल लिहिलं तर मालकाचा रात्री साडेदहाला फोन, तेव्हापासून कानाला खडा. ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, पहिल्या मजल्यावर आहे, निळी पाटी आणि पाटीवर गोल गोल डोळ्यांचा सुळेवाला कोणीतरी दिसला की समजा पोचलात.

तर झालं काय, लेकीचा बारावा वाढदिवस यंदा नेमका आषाढी एकादशीला आला, आणि तिला मेक्सिकनच पाहिजे होतं कारण तिच्या वर्गातली कोणीतरी तिथे जाऊन आली होती. आईचा उपास. म्हटलं आई तू घरी थांब, आम्ही लवकर येतो, तर म्हणाली मी नुसतं पाणी पिईन पण नातीच्या वाढदिवसाला घरी बसणार नाही. मग काय, रविवार, वरून धो धो पाऊस, नौपाड्यातून निघालो ते कापूरबावडीपर्यंतच पाऊण तास गेला, मेट्रोचे खांब, खड्डे, खड्ड्यात पाणी आणि पाण्यात रिक्षा. ठाणेकरांना यापुढचं सांगायची गरज नाही.

आत गेल्यावर मात्र मी दारातच थांबलो. समोरची अख्खी भिंत, जमिनीपासून छतापर्यंत, त्लालोक! अझ्टेकांचा, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधी मेक्सिकोत राज्य करणाऱ्यांचा, पावसाचा देव. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी, वरच्या ओठाला मिशीसारखी पट्टी, तिच्याखाली लांबलचक सुळे, डोक्यावर पिसांचा मुकुट, हातात वीज. आणि निळा रंग असा काही जमवलाय ना, ज्याने कोणी काढलंय त्याने नीट बघून काढलंय. मी बँकेत नोकरी करतो पण शिकलोय इतिहास आणि या लोकांचं वाचायचा नाद मला कॉलेजपासूनचा, त्यामुळे बायकोने कोपर मारलं की आधी टेबल बघ. टेबल बघितलं. मग भिंतीखालची पाटी बघितली. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘मायन गॉड ऑफ रेन’.

अरे बाबांनो. माया लोकांचा पावसाचा देव चाक, लांब लोंबत्या नाकाचा, तो वेगळा. त्लालोक हा मध्य मेक्सिकोतला, नाहुआत्ल बोलणाऱ्यांचा, अझ्टेकांच्या राजधानीतल्या मोठ्या देवळाच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन गाभारे होते त्यातला उत्तरेकडचा याचा आणि दक्षिणेकडचा हुइत्सिलोपोच्त्लीचा, म्हणजे युद्धाच्या देवाचा. अर्धं राज्य पावसावर आणि अर्धं लढाईवर हे सरळ देवळातच दिसायचं. गोल डोळ्यांचा पावसाचा देव तर अझ्टेकांच्या कितीतरी शतकं आधी तेओतिवाकान या तिथल्या जुन्या शहराच्या भिंतींवर पण आहे, त्यामुळे ‘फक्त अझ्टेक’ म्हणणं पण तसं पुरेसं नाही, पण माया? म्हणजे पांडुरंगाचं चित्र काढून खाली तिरुपती लिहिल्यासारखं झालं, आणि तेही आषाढीच्या दिवशी. शिवाय देवाच्या मागे प्रभावळीसारखी ती प्रसिद्ध गोल सूर्यशिला काढलीय, १७९० साली मेक्सिको सिटीच्या चौकात खणताना सापडली ती. छान दिसते. पण ती सूर्याची हो, पावसाच्या देवामागे सूर्य म्हणजे श्रावण झाला, आषाढ नाही.

असो. बसलो. बसल्या बसल्या आईच्या खांद्यावर टप्प. वर बघितलं तर छत गळतंय. वेटरने आम्हाला दुसरं टेबल दिलं आणि गळतीखाली एक बादली आणून ठेवली, मग लक्षात आलं की ही काही पहिली नाही, त्या भिंतीच्या कडेने ओळीने एक बादली, एक घमेलं, एक आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि एक मोठं पातेलं अशी चार भांडी मांडलेली, आणि वरून देव बघतोय. मला हसू आवरेना. कारण त्लालोकच्या घराचं जे वर्णन सापडतं त्यात अंगणात पाण्याची चार मोठी भांडीच आहेत! एकातलं पाणी चांगलं, ते पडलं की दाणा भरतो. दुसऱ्यातलं पडलं की कणसांवर जाळी धरते, बुरशी येते. तिसऱ्यात गारठा, पीक करपवणारा. चौथ्यातलं पडतं पण दाणा धरतच नाही, वाळून जातं. आणि त्याचे छोटे छोटे मदतनीस, त्लालोके म्हणतात त्यांना, ते हातात मडकं आणि काठी घेऊन तयार, मालक सांगेल त्या भांड्यातलं पाणी मडक्यात भरायचं, सांगेल तिथे जाऊन ओतायचं, आणि काठीने मडकं फोडलं की तो गडगडाट.

हे मी लेकीला सांगत होतो तर आई म्हणाली, मग यात नवीन काय, आपल्या पंचांगात नक्षत्राला वाहन असतंच की, बेडूक, म्हैस, हत्ती आला की भरपूर, कोल्हा आला की रुसला. बरोबर आहे. शेतकऱ्याला पाऊस ‘पडतो की नाही’ एवढ्याने भागत नाही, कुठला पडतो ते महत्त्वाचं, आणि चार भांड्यांचा हिशेब ज्याने मांडला त्याने पीक हातचं जाताना बघितलेलं असणार.

वेटर मुरबाडकडचा पोरगा, गप्पिष्ट निघाला. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बेडूक काढलेत, ते दाखवून म्हणाला, ‘सर, आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं कडुनिंबाचा पाला बांधून बेडूक घेऊन दारोदार धोंडी मागायची, बायका अंगावर पाणी ओतायच्या. मालकाला विचारलं हे बेडूक कशाला तर म्हणाले डिझाइन आहे.’ डिझाइन नाही दादा. मेक्सिको सिटीत त्या मोठ्या देवळाच्या पायथ्याशी, पावसाच्या देवाच्या बाजूला, दगडी बेडकांची छोटी वेदी आजही आहे. चित्र काढणाऱ्याला माहीत होतं, मालकाला नाही. हीच या हॉटेलची सगळी गोष्ट आहे खरं तर.

आता खाणं. मेन्यूची पहिली चार पानं म्हणजे नाचोज, चीज नाचोज, लोडेड चीज नाचोज, पनीर टिक्का केसाडिया (हो), तंदूरी मेयो टाको आणि शेझवान बरीटो. आम्ही नाचोज आणि लेकीसाठी केसाडिया मागवला. नाचोज ३९५ रुपये, वर पिवळं चीज इतकं की खालचा मका दिसेना आणि पाच मिनिटांत ते चीज गार होऊन प्लास्टिकचा रेनकोट झाला. केसाडिया म्हणजे मैद्याच्या पोळीत पिझ्झाचं सारण. मैद्याच्या! भिंतीवर ज्या देवाचं चित्र आहे त्याच्याकडे लोक मक्यासाठी पाऊस मागत होते, गहू तर तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर आला. निदान मक्याची पोळी तरी करा. लेकीला आवडला पण, खोटं कशाला बोलू, बारा वर्षांच्या जिभेला चीज म्हणजे चीज.

मग आली खरी गंमत, म्हणजे गंमत नाही म्हणणार. लहान मुलांच्या पानावर एक निळं मॉकटेल आहे, नाव ‘त्लालोक टियर्स’, खाली कार्टून, गोल डोळ्यांतून दोन थेंब. लेकीने तेच मागवलं. मी आधी काही बोललो नाही, वाढदिवस होता. पण कळू द्या, अश्रू देवाचे नव्हते. अझ्टेकांच्या वर्षात वीस वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच अशुभ दिवस, त्यातल्या पहिल्याच महिन्यात, कोरड्या दिवसांत, डोंगरांवर आणि तळ्यावर लहान मुलांचे बळी द्यायचे, आणि नेताना मुलं रडली तर शुभ, म्हणजे पाऊस येणार. हे स्पॅनिश पाद्र्यांनी बदनामीसाठी रचलं असं पण लोक म्हणत होते, पण मोठ्या देवळाच्या त्लालोकच्या बाजूला एका दगडी पेटीत ४२ मुलांचे सांगाडे निघालेत. अभ्यासक त्या पुरलेल्या ठेव्याचा संबंध १४५४ च्या आसपासच्या भयंकर दुष्काळाशी लावतात. त्यातली बरीच मुलं आधीच आजारी, अशक्त होती हे हाडांवरून कळतं. आता या नावाचं निळं सरबत मुलांच्या पानावर, २४५ रुपयाला, छोट्या छत्रीसकट.

आईने विचारलं काय झालं रे, गप्प का झालास. मी हळूच सांगितलं. आई थोडा वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिली, मग लेकीला म्हणाली, बाळा ते राहू दे, लिंबू सरबत घे. लेक म्हणाली का, आई म्हणाली रंग किती आहे बघ त्यात. मी मॅनेजरला बोलावून सांगितलं, तोच मालक निघाला, तिशीतला मुलगा, डोंबिवलीचा, मराठीच. आधी त्याला वाटलं मी बिल कमी करायला सांगतोय. मग खरंच ऐकून घेतलं, चेहरा उतरला त्याचा, म्हणाला ‘सर, नाव नेटवरून घेतलंय, कॅची वाटलं.’ कॅची आहेच. त्यापायी एक स्टार कापला होता, का परत दिला ते शेवटी सांगतो.

बायकोने कैरीचं काहीतरी मागवलं होतं, ग्लासच्या काठाला मीठ लावलेलं. ते चांगलं होतं, २६५ ला महाग पण चांगलं. आणि मिठावरून मला आठवली त्लालोकेंची बहीण, हुइश्तोसिवात्ल, मिठाची देवी. (नाव दोनदा म्हणून बघा, जमतं.) गोष्ट अशी की ही थोरली बहीण, धाकट्या पावसाच्या देवांशी तिचं भांडण झालं आणि त्या भावांनी तिला हाकलून खाऱ्या पाण्यात घातलं, तिथे तिने मीठ शोधून काढलं. तिच्या उत्सवात मीठ पिकवणाऱ्यांच्या बायका-मुली फुलांच्या दोरीला धरून नाचायच्या. हे मी एक मजेशीर गोष्ट म्हणून सांगत होतो, पण आईचं माहेर भाईंदरकडचं, आजोबा मिठागरावर कामाला होते, आणि ती एकदम म्हणाली, ‘बरोबर आहे की. भांडण असणारच.’ म्हटलं कसं काय? तर म्हणाली, ‘अरे पाऊस आला की मीठ संपलं. मेच्या शेवटी आभाळ भरून आलं की घरात कोणी नीट जेवायचं नाही, सगळे मीठ ओढून ढीग करायला धावायचे, ढिगावर गवत घालायचं. एका सरीत सगळं पाणी. दुनिया पाऊस माग म्हणायची आणि बाबा म्हणायचे अजून चार दिवस थांब रे.’

मी ही गोष्ट वीस वर्षं तरी वाचतोय, भांडण कशाचं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मिठागरावरच्या माणसाच्या मुलीला उत्तर माहीत होतं.

बरं, आता कामाचं. मेन्यूचं शेवटचं पान उलटा. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, ‘शेफ्स कॉर्नर’ म्हणून चार पदार्थ आहेत आणि ते चारही पदार्थ भिंतीवरच्या देवाच्या गावचे आहेत. वेटरच म्हणाला, सर हे कोणी मागवत नाही, पण आचारी हौसेने करतो. आम्ही चारपैकी तीन घेतले.

एक, मका आणि राजम्याचा बोल, २८५. दिसायला काहीच नाही, आपली उसळ. पण टपोरे मक्याचे दाणे आणि काळा राजमा वेगवेगळे शिजवून एकत्र केलेले, थोडा रस्सा, वर भाजलेली सुकी मिरची आणि लिंबू, बाहेर तसला पाऊस आणि हातात ती गरम वाटी. मला माहीत नाही आचाऱ्याला माहितीये का, पण त्लालोकचा एक मोठा सण होता, साधारण आपल्या मे अखेर-जूनच्या सुमारास, पाऊस लागायच्या वेळी, त्या महिन्याचं नावच मुळी ‘एत्सालीचं जेवण’, आणि एत्साली म्हणजे हेच, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेलं. घरोघरी तेच शिजायचं. दोन्ही धान्यं एकदम खायला मिळणं ही चैन होती, एरवी पुरवून पुरवून खायचं. त्याच सणात पावसाचे पुजारी तळ्यात आंघोळ करताना बदकांसारखे, पाणपक्ष्यांसारखे आवाज काढत पाणी उडवायचे, हे वाचल्यावर मला नेहमी आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावात कोणीतरी असं करतंय असं डोळ्यासमोर येतं आणि हसू येतं. मीठ जरा कमी होतं बोलमध्ये. तेवढंच.

दोन, तमाल. मक्याचं पीठ कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेलं, आत हिरव्या मिरचीची चटणी. पानगी आणि पातोळीच्या मधलं काहीतरी समजा, हळदीच्या पानाचा वास सोडून. २ नगाला २२०. एक चांगला वाफवलेला, एक आतून थोडा कच्चा. परत पाठवला, बदलून दिला, कुरकूर न करता.

आणि तीन, आलेग्रिया. स्पॅनिशमध्ये अर्थ आनंद. वेटरने लाकडी पाटावर आणून ठेवली आणि आई ओरडलीच, ‘अरे ही तर राजगिऱ्याची चिक्की!’

आहेच. राजगिरा फुलवून गुळात थापलेला, वर भोपळ्याच्या बिया आणि बेदाणे. मेक्सिकोत गुळासारखीच काकवी आटवून ढेप करतात त्यात बांधतात, इथे सरळ कोल्हापुरी गूळ वापरलाय, मालकाने कबूल केलं. आईने तीनतीनदा विचारलं, तूप की तेल, वेगळी कढई का, पीठबीठ काही नाही ना, आणि मग तिने खाल्ली. नुसतं पाणी पिणार म्हणून आलेली बाई चार वड्या खाऊन बसली. बरोबर त्यांनी तिला कांदा न घालता अवाकाडो, मीठ, मिरची, लिंबू असं करून दिलं, ते पण चाललं (अवाकाडो हा शब्दसुद्धा मूळ नाहुआत्लच, टोमॅटो आणि चॉकलेटही तिथलेच). रताळ्याचे काप मात्र नको म्हणाली, नाचोज तळलेल्या तेलातले. तेही रास्तच.

आता बघा हं, आपला एकादशीचा उपास. राजगिरा तिकडचा, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, साबुदाणा ज्या कंदाचा तो तिकडचा, रताळं तिकडचं, मिरची तिकडची. विठ्ठलाच्या उपासाचं अर्धं ताट बोटीतून आलंय आणि आपण बिनधास्त धान्य खात नाही म्हणतो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, पांडुरंगाला चालतं तर तू कोण.

पण राजगिऱ्याचं तिकडे नुसतं खाणं नव्हतं. पावसाचे देव डोंगरात राहतात अशी त्यांची समजूत, ढग डोंगराला अडतात ते बघून (येऊरच्या डोंगरावर जुलैत ढग उतरलेले बघा, तुम्हीही मान्य कराल), म्हणून ते राजगिऱ्याच्या पिठाचे छोटे छोटे डोंगर करायचे, त्यांना तोंड काढायचे, डोळ्यांना काळ्या घेवड्याच्या बिया, दातांना भोपळ्याच्या बिया, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, आणि शेवटी मोडून सगळ्यांनी वाटून खायचे. दिव्यांच्या अवसेचे कणकेचे गोड दिवे आठवा. स्पॅनिश पाद्री हे बघून हादरले कारण देव मोडून खाणं हे त्यांच्या स्वतःच्या चर्चमधल्या विधीच्या फारच जवळ जात होतं. एवढं करून राजगिरा टिकला, आजही मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को नावाचं ठिकाण आलेग्रियासाठी प्रसिद्ध आहे, आणि भोपळ्याच्या बिया अजून वर असतातच. आमच्या पाटावरच्या वडीवर दोन ओळीत बिया लावलेल्या, दातांसारख्या. मुद्दाम का सहज, विचारायचं राहिलं. सहा वड्या १८० रुपये. घ्याच.

सर्व्हिस हळू आहे. तमालला पन्नास मिनिटं लागली, वाफवायला वेळ लागतो हे मान्य पण आधी सांगा ना. त्या पन्नास मिनिटांत लेक मोबाइल मागायला लागली म्हणून तिला कोआत्लिंचानच्या दगडाची गोष्ट सांगितली. त्या गावाच्या ओढ्यात एक प्रचंड आडवा दगडी देव पडलेला, सात मीटर उंच, वजन १६८ टनांच्या आसपास धरतात. सरकारला तो मेक्सिको सिटीतल्या नव्या संग्रहालयासमोर उभा करायचा होता. गावकरी बिथरले, आमचा पाऊस घेऊन चाललात म्हणून, गाडीची नासधूस केली, शेवटी लष्कर आणावं लागलं. १६ एप्रिल १९६४ ला दगड हलवला, भला मोठा ट्रेलर, रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसंच माणसं, आणि शहरात पोचला तेव्हा ऐन कोरड्या दिवसांत असा पाऊस कोसळला की लोक म्हणाले आला बघा त्लालोक. तो आजही तिथे रस्त्यावरच उभा आहे. काही अभ्यासक म्हणतात तो त्लालोक नाहीच, ती चाल्चिउत्लिक्वे आहे, पाचूसारख्या हिरव्या खड्यांचा घागरा नेसलेली, नद्या, तळी, झरे आणि बाळंतपणाच्या पाण्याची देवी. सुईणी तान्ह्या बाळाला पहिली आंघोळ घालताना तिलाच हाक मारायच्या. लेकीने विचारलं, मग पाऊस कोणी पाडला? मी म्हटलं तमाल येऊ दे मग सांगतो.

चाल्चिउत्लिक्वे या हॉटेलच्या भिंतीवर कुठेच नाही, ही माझी तक्रार क्रमांक काय असेल ती. टॉयलेटच्या दारावर बाईचं चित्र आहे, हिरवा घागरा, मला भीती वाटते ती तीच असेल. बाई साधी नाही हो. त्यांच्या हिशेबाने आपल्या आधी चार सूर्य, चार जगं होऊन गेली, चौथ्या जगाची सूर्य ही, आणि ते जग पुरात बुडालं, माणसं मासे झाली. त्याच्या आधीचा तिसरा त्लालोकचा, तो आगीच्या पावसाने संपला.

आणि पाण्याशी मस्ती करणाऱ्यांची गोष्ट खुद्द त्यांच्या राजाची आहे. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान तळ्यात वसलेली, प्यायचं पाणी बाहेरून आणायचं. १४९९ च्या सुमाराला आवित्सोत्ल राजाने कोयोआकानच्या झऱ्यांवरून नवा कालवा आणायचा ठरवला. तिथल्या सरदाराने सांगितलं की बाबा या झऱ्यांचा नेम नाही, शहर बुडेल. राजाने त्यालाच मारून टाकलं. कालवा आला, पुजारी चाल्चिउत्लिक्वेच्या वेषात पाण्याच्या स्वागताला, धूप, लावे पक्षी, सगळं साग्रसंगीत, आणि मग पाणी थांबेचना. घरं, शेतं, सगळं पाण्यात. शेवटी कालवा मोडला, पाणबुडे उतरवून झऱ्यात मौल्यवान वस्तू टाकून देवीची समजूत काढली. हे मी बिल भरताना सांगत होतो आणि खाली पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं, पूर्वी तिथून नाला वाहायचा असं वॉचमन म्हणाला. माझा मेव्हणा वाशीला राहतो, तो नेहमी ऐकवतो आमच्याकडे सिडकोने भरतीच्या पाण्यासाठी धारण तलाव ठेवलेत, तुमच्या ठाण्यात तळी बुजवली. यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

बिल जीएसटी धरून २,३४०. चौघांना ठीक. ते निळं मॉकटेल बिलातून काढलं होतं, न सांगता.

परत जायचं नव्हतं खरं तर, पण आईने दोन आठवड्यांनी डबा हातात दिला, ‘ती चिक्की आण, दुकानातली तशी लागत नाही.’ बुधवारी ऑफिसवरून गेलो, एकटाच, मका-राजमा बोल खाल्ला, मीठ आता बरोबर होतं. चार भांड्यांपैकी दोनच उरली होती, बादली आणि पातेलं. भिंतीखालची पाटी बदललीय, आता ‘अझ्टेक रेन गॉड त्लालोक’ लिहिलंय. मुलांच्या पानावर त्या मॉकटेलच्या नावावर स्टिकर चिकटवलाय, ‘ब्लू लगून’. तो कापलेला स्टार म्हणून परत. चिक्की संध्याकाळी सातनंतर संपते, फोन करून ठेवायला सांगा. पार्किंगला गाडी नेऊ नका, रिक्षाने जा. आणि वेटरला विचारून बघा, बेडकांबद्दल तोच आता सगळ्या टेबलांना सांगत फिरतो.